पंखा थांबेपर्यंत

खैरवाडे, ता. शिंदखेडा
२० फेब्रुवारी

चि. जयपाल,

आधी आशीर्वाद, आणि त्याच्या मागोमाग एक धपाटा. दोन वर्षं झाली, घराकडे फिरकला नाहीस. तू फोन केलेस, मला माहीत आहे. मीच उचलले नाहीत. तरी धपाटा तुलाच, कारण तुझे आबा जवळ असून त्यांना मारता येत नाही.

फोन का उचलत नाही ते ऐक. तू आपल्या डोंगरावरच्या पवनचक्कीच्या कंपनीत लागलास त्याच दिवशी आबांनी मला गळ्याची शपथ घातली, की जयपालशी फोनवर बोलायचं नाही. मी ती पाळली. परवा भाकरी थापता थापता एकदम लक्षात आलं, की पत्राचं ते काही बोललेच नव्हते. तव्यावरची भाकरी जळली, पण जीव हलका झाला. तुझा देवपुरातला पत्ता सुंदरबाईच्या लेकीकडून मिळवला, ती तुझ्याच गल्लीत दिलेली आहे. पत्र झुलाल पोस्टमनच्या हातात मीच देणार आहे.

आता खरी बातमी. तुझ्या आबांचे तात्यासाहेब निवडून आले. गुलाल एवढा उधळला की आपली पांढरी गाय दोन दिवस गुलाबी होती. मग रविवारी गावात सत्कार झाला. आबा पहिल्या रांगेत, नेहमीसारखे अनवाणी. दोन वर्षांपूर्वी तात्यासाहेबांच्या सभेत तुझ्या डोळ्यांदेखतच त्यांनी वहाणा काढल्या होत्या आणि माइकवर सांगितलं होतं, की डोंगरावरचा पंखा थांबेपर्यंत पायात काही घालणार नाही. तेव्हा तात्यासाहेबांनी त्यांना मिठी मारली होती. पंख्यांची पाती आपले ढग कापतात आणि कंपनी ते गुजरातकडे वळवते, याचे कागद माझ्याजवळ आहेत, निवडून आलो की सगळं उघडं करतो, असं म्हणाले होते. टाळ्या किती पडल्या होत्या ते तुला आठवत असेल. मीही वाजवल्या होत्या. दोन पावसाळे कोरडे गेले की माणूस कशालाही टाळ्या वाजवतो.

तर परवा सत्कार झाल्यावर सुकलालभाऊंनी खालून विचारलं, "साहेब, त्या कागद कव्हय दखाडशात?" साहेब हसले. म्हणाले, "अरे बाबांनो, विषय संपला आता. पंख्यानं ढग कापले जात असते, तर घरात पंख्याखाली झोपणाऱ्याचे केस नसते का कापले गेले? ते निवडणुकीचं बोलणं होतं. आता विकासाचं बोलू." स्टेजवरचे सगळे खो खो हसले. खाली कोणी हसलं नाही.

मग त्यांनी आबांना वर बोलावलं. कोऱ्या खोक्यातून बूट काढले, फोटोवाल्याला पुढे घेतलं आणि स्वतः वाकून आबांच्या पायात घालायला लागले. आबांनी पाय मागे ओढला.

"साहेब, पंखा आजून फिरी राह्यनात," आबा म्हणाले. "मी पायमा कसं घालू?"

माइक चालू होता. सगळ्या गावानं ऐकलं. मागून कोणीतरी गळ्यातलं प्रचाराचं उपरणं काढून रागानं स्टेजवर फेकलं आणि मग तर उपरण्यांचा पाऊसच पडला. साहेब मागच्या बाजूनं गाडीत बसून गेले.

घरी आल्यावर आबा जेवले नाहीत. ताट सारून म्हणाले, "त्याले पहिलाफाईन ठाऊक व्हतं." सुरुवातीपासून ठाऊक असून साहेब तसं बोलले, हेच त्यांना लागलं. केसांचं ते बोलणं तूही एकदा याच घरात बोलला होतास, हात जोडून बोलला होतास. तुला दार दाखवलं आणि साहेबांना हार घातला. हे माझ्या मनात आलं तसं त्यांच्याही मनात आलं असणार, पण ते तुझं नाव काढत नाहीत.

ते बरे आहेत. काळजी करू नकोस.

तुझी माय


खैरवाडे
२ एप्रिल

चि. जयपाल,

तुझं पत्र मिळालं. एवढं मोठं पोरगं, आणि अक्षर अजून कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं आहे. आबा स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला येतात, त्यामुळे धोका नाही.

तू लिहिलंस की आता तरी आबांचे डोळे उघडले असतील. बाळा, मलाही तसंच वाटलं होतं. साहेब स्वतःच बोलले की ते खोटं होतं, म्हणजे गाव म्हणेल खोटं होतं. पण गावानं काय धरलं माहीत आहे? साहेब खोटं बोलले ते आत्ता, तेव्हा नव्हे! सुकलालभाऊ रोज ओट्यावर येऊन तेच सांगतात, "साहेब इकाई गया, भो. कंपनीनी त्याले इकत लिधं." कागद होते, ते कंपनीनं जाळायला लावले. कोणी म्हणतं साहेबांच्या नव्या गाडीचा रंग पात्यांच्या रंगासारखा पांढरा आहे, हाच पुरावा. मी म्हटलं, मग आपली गायही कंपनीचीच म्हणायची. कोणी हसलं नाही.

साहेबांचे फलक फाडले. प्रचारात वाटलेले डबे लोकांनी त्यांच्या कार्यालयाच्या पायरीवर नेऊन आपटले. आपला डबा मी दिला नाही. त्यात मिरच्या आहेत आणि झाकण घट्ट बसतं. माणूस खोटा निघाला म्हणून डब्यानं काय केलं?

या सगळ्यात एक नवा पुढारी उगवला आहे. गिरधर नाव. जीपवर भोंगा लावून फिरतो. साहेबांनी दगा दिला, आता आपणच पंखे थांबवू, असं सांगतो. आखाजीचा सण झाला की दोन दिवसांनी डोंगरावर मोर्चा काढायचा ठरला आहे. गेट तोडून आत जायचं, वीज बंद करायची आणि यंत्रं फोडायची. पुढे कोण चालणार? तुझे आबा, अनवाणी. गिरधरनं त्यांचा फोटो काढून मोठा फलकही केला आहे, त्यात चेहऱ्यापेक्षा पाय मोठे आहेत.

मी आबांना म्हटलं, "एक साहेब झाया, आते दुसरा कसाले?" तर म्हणाले, "जमना, मी गावना समोर बोलेल शे. साहेबनी जबान बदली, मी नही बदलाव." माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं.

आणि मागच्या पत्रात मी लिहिलं ना, की ते बरे आहेत. तसं पूर्ण खरं नाही. त्यांच्या टाचा नांगरलेल्या जमिनीसारख्या फुटल्या आहेत. रोज संध्याकाळी मी सुईनं काटे काढते. साखरेचा त्रास आहे, जखम लवकर भरत नाही. शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर बोटं जातील. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता लिहून झालं आहे आणि मी पान फाडणार नाही.

माझी एकच मागणी आहे. मोर्चाच्या दिवशी रजा काढ. गेटच्या आत तू आणि बाहेर आबा, असं व्हायला नको. त्या गर्दीत कोण कोणाचा बाप ते कोणी बघत नाही. माझं ऐक. मी घरीच असेन, देवापाशी बसून.

तुझी माय


१४ एप्रिल

जयपाल,

दोन ओळींचं कार्ड पाठवलंस. "रजा काढणार नाही. माझी ड्युटी आहे." तू आणि तुझे आबा, एकाच कणकेचे. मीच मळली, आता कोणाला बोल लावू?

आखाजीची घागर भरायची आहे. गावातल्या सगळ्या लेकी माहेरी यायला लागल्या, लिंबाला झोके बांधले. आपल्या घरी येणारं कोणी नाही. मांडे यंदा तिघांचे करायचे की दोघांचे, एवढं कळव.

माय


खैरवाडे
२४ एप्रिल

चि. जयपाल,

कळवलं नाहीस. मी तिघांचे केले, आणि तुझ्या वाटणीचे सुकलालभाऊंच्या नातवांनी खाल्ले.

आता मोर्चाचं. तुला वरून काय दिसलं ते तू सांगशील तेव्हा सांग. खाली काय झालं ते मी सांगते, कारण मी घरी नव्हते. देवाला म्हटलं तू इथेच बस, मी जाऊन येते. बायकांबरोबर पाण्याचा हंडा डोक्यावर घेतला आणि निघाले. तुझी ड्युटी आहे हे मला ठाऊक होतं. आबांना मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आलेच नसते असं मला वाटत होतं, पण सांगूनही आले असते तर मला ते सहन झालं नसतं. म्हणून गप्प बसले.

ऊन असं होतं की डोंगराचा काळा दगड तव्यासारखा झाला होता. आबा सगळ्यांच्या पुढे. खडकावर पाय पडला की खांदा थोडा उडायचा, तोंडातून मात्र हूं की चूं नाही. गिरधर जीपमध्ये, पांढरेशुभ्र बूट घालून, भोंग्यातून ओरडत होता, "बठ्ठा चला! आबाले दखा आन चला!"

आम्ही गेटाजवळ पोचलो आणि पाहतो तर काय, गेटासमोरचा पंखा थांबलेला. मागचे सगळे फिरताहेत आणि नेमका हाच उभा. गर्दीला एकदम चेव आला. गिरधर जीपच्या टपावर चढला. "दखा, दखा! आम्हना धाकमा पंखा बंद पडना!" पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायकांनी हंडे वाजवले. सुकलालभाऊ तर रडायलाच लागले. गिरधरनं खाली उडी मारली, जीपमधून नव्या वहाणा काढल्या आणि आबांच्या पुढ्यात ठेवल्या. "आबा, तुम्हनी शपथ पुरी व्हयनी! घाला!" फोटोवाला इथेही होताच.

आबा वहाणांकडे बघत नव्हते. ते मान वर करून पंख्याकडे बघत होते. सगळं गाव नाचत होतं आणि हा एकटा माणूस विचार करत होता. मग ते गेटावरच्या पहारेकऱ्यापाशी गेले. तो बिचारा परमुलखातला पोरगा, घामानं चिंब झालेला.

"काब्रं थांबना हाऊ पंखा?" आबांनी विचारलं.

"काका, वर माणूस चढलाय. दुरुस्ती चालू आहे," तो म्हणाला. "माणूस वर असला की पातं जखडून ठेवतात. तो खाली उतरला की परत फिरणार. तुम्ही मेहरबानी करून यांना आत सोडू नका. खाली कुणी यंत्राला हात लावला आणि पातं सुटलं, तर वरचा माणूस जिवानिशी जाईल."

"कोन शे वर?"

"जयपाल गिरासे म्हणून एक आहे. इथलाच आहे."

जयपाल, मी त्यांच्या मागेच हंडा घेऊन उभी होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं, हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार. एवढ्यात गिरधरची चार पोरं पहारी घेऊन कुलपाकडे धावली. एक पंखा थांबला, आता बाकीचे थांबवू, म्हणून.

तुझे आबा गेटाला पाठ लावून खाली बसले. त्या तापलेल्या दगडावर, मांडी घालून.

"वर मना पोऱ्या शे," ते म्हणाले. "कोन्हीबी मझार जावानं नही."

पोरं थबकली. गिरधर पुढे आला, समजुतीच्या सुरात म्हणाला, "आबा, हाई लढाई समाजनी शे, घरनी नही."

"मंग तू चढ वर," आबा म्हणाले. "तू वर बस, खाल मी पहार मारस. पायमा बूट तं शेतसच तुना."

गिरधर मागे सरला. मग भोंगा घेऊन ओरडला की आबाही विकले गेले. आबाबी इकाई गया! दोन-चार जणांनी री ओढली, एक ढेकूळही आलं, ते आबांच्या खांद्याला लागलं. मी हंडा तिथेच टाकला आणि आबांच्या शेजारी जाऊन बसले. अगं बाई, काय तो दगड! लुगड्यातूनही चटका बसला. मग सुकलालभाऊ आले, डोळे पुसत, आणि आमच्या बाजूला बसले. त्यांना बसताना पाहून भागाबाई बसली. पहारीवाली पोरं थोडा वेळ उभी राहिली आणि सावलीला गेली. बाकीची गर्दी सावलीतच पांगली. मोर्चे फार मोडतात ते उन्हानं, शहाणपणानं नाही, असं मला आपलं वाटतं.

नव्या वहाणा तिथेच पडून होत्या. आबांनी त्या घातल्या नाहीत. आम्ही दोघं शेवटपर्यंत बसलो. तू मागच्या रस्त्यानं उतरलास असं पहारेकऱ्यानं नंतर सांगितलं, कंपनीच्या साहेबलोकांनी तुला गेटाकडे येऊ दिलं नाही म्हणे. मला तुला पाहायचं होतं. मी माझ्या वाटणीतला एक मांडा तुझ्यासाठी पदरात बांधून आणला होता. तो मी पहारेकऱ्याला दिला, तो तरी कोणाचा तरी लेकच आहे.

खाली उतरताना आबांना चालवेना. सुकलालभाऊंनी आणि मी धरून आणलं. दोन्ही तळव्यांना फोड आले आहेत. डॉक्टर रोज पट्टी करतात, बोटं वाचतील म्हणाले. हे मी तुला खरं लिहिते आहे, आता लपवत नाही.

तुझी माय


खैरवाडे
१७ मे

चि. जयपाल,

तुझं चार पानी पत्र आलं, आणि आबांच्या पायांच्या मलमाची डबी. पत्र या वेळी मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं नाही, पलंगावर ठेवलं. दुपारी बघते तर चष्मा त्याच्या शेजारी. पानांचा क्रम उलटा लागलेला. मी पानं सरळ लावून परत तिथेच ठेवली.

गावाचं म्हणशील तर अर्धं गाव आमच्याशी बोलत नाही. आबांना कंपनीनं किती दिले, याची चर्चा पारावर रंगते. मी म्हटलं, तुमच्या आबांना मी इतकी वर्षं फुकट द्यायला तयार आहे, कोणी नेलं नाही, आणि कंपनी म्हणे पैसे मोजणार! गिरधर आता दुसऱ्या तालुक्यात भोंगा फिरवतो, तिथे म्हणे कालव्याच्या पाण्यात काही मिसळतात. तात्यासाहेबांनी मध्ये माणूस पाठवला होता, झालं गेलं विसरा म्हणून. आबांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "साहेबले सांग, माले फसाडं त्यानं दुख नही. मी गावले फसाडं, त्यानं दुख शे." त्या माणसानं मान खाली घातली. ते ऐकून मी आत जाऊन रडले, हे तुला सांगायला हरकत नाही.

पण अर्धं गाव बोलतंही. सुकलालभाऊ परवा ओट्यावर बसून हळूच म्हणाले, "पोऱ्या उना का सांगजो, व जमना. माले इचारनं शे. पंखा ढग नही कापस, तं मंग पाऊस कोन रोखी राह्यना?" मी म्हटलं, त्यालाही ते ठाऊक नसेल. तर म्हणाले, "नही ठाऊक व्हई तं तसं सांगी तं दी. तेवढं आम्हले कोन्ही सांगं नही."

आणि वहाणा. फोड बरे झाल्यावर आबा दोन-चार दिवस विचारात होते. एक दिवस सकाळी उठले आणि पंचायतीत निवाडा द्यावा तसं मला म्हणाले, "मी बोलेल व्हतो, पंखा थांबस तोपावत. थांबना व्हता ना? मना डोयासमोर थांबना व्हता." मी म्हटलं, थांबला तर. "कोन्ही थांबाडाले पाहिजे, हाई शपथमा नव्हतं." मी म्हटलं, नव्हतं. मग शिंदखेड्याच्या बाजारातून साध्या रबरी तळाच्या वहाणा आणल्या. पाय इतके पसरले आहेत की दुकानदाराला सगळ्यात मोठं माप काढावं लागलं. आता घरातल्या घरात फट्फट् आवाज करत फिरतात.

माझी फोनची शपथही काल सोडवली. म्हणजे असं स्पष्ट म्हणाले नाहीत. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्याले इचार, सकाय चढाना पहिले खास का नही." तुझा नंबर त्यांना पाठ होता. फोन लागला नाही, तू वर असशील. म्हणून हे पत्र, पण आज संध्याकाळी परत लावते. उचल. आणि रविवारी घरी ये, सांजोऱ्या करते.

एक सांगायचं राहिलं, ते सांगून संपवते. आपल्या गच्चीवरून डोंगराची सगळी रांग दिसते, तुला ठाऊक आहे. आबा हल्ली सकाळी चहा घेऊन वर जातात आणि थांबलेला पंखा शोधतात. पंखा बंद असायला शंभर कारणं असतील, पण त्यांच्या लेखी जो थांबला त्यावर तू. एकदा तो सापडला की त्यांचं कशात लक्ष लागत नाही. सारखं वर जाऊन बघतात. काल दुपार टळून गेली तरी एक पंखा उभाच होता. मी जेवायला हाका मारून दमले, हे काही खाली येईनात. भाकरी गार झाली, आमटीवर साय धरली. मी म्हटलं, आता मीच वर येऊन कान धरते. तेवढ्यात गच्चीवरून एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारची मंदाबाई अंगणात धावत आली.

"फिरना व जमना, फिरना!"

आणि फट्फट् करत जिना उतरून आले, हात धुतले, पाटावर बसले.

"उतरना पोऱ्या," म्हणाले. "वाढ आते."

तुझी माय